राखीव बाकावरचं मंचुरियन

ओम, ईशा,

परवा फोनवर तुमची आई म्हणाली की ओमला अर्धं डोकं दुखण्याचा त्रास सुरू झाला आहे. तिकडे डॉक्टर आहेत, तपासण्या आहेत, त्यात मी तोंड घालणार नाही. पण फोन ठेवला तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून गायकवाडबाई हलायला तयार नाहीत. त्यांच्याबद्दल तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

शिरूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते आणि रंजनाबाई गायकवाड खेळ. त्या मला ‘इंग्लिशबाई’ म्हणत. सुरुवातीला थोडी टोचणी असायची त्यात, पुढे माया आली. ठेंगणी, भरल्या अंगाची बाई. पंजाबी ड्रेसवर पुरुषी बूट. चालताना पावलं अशी टाकायच्या की जणू जमिनीवर कुठेतरी रेघ आहे आणि तिला पाय लागला तर पंच शिट्टी वाजवेल. डबा उभ्यानेच खायच्या. बसा म्हटलं की म्हणायच्या, “बसायचं काम राखीवचं.”

राखीव हा त्यांचा आवडता शब्द. मुलींच्या कबड्डी संघात कुणी कुचराई केली की शिक्षा एकच, “जा, बाकावर बस. बाक काय खात न्हाई कुणाला.” पण ती नुसती शिक्षा नव्हती, ती त्यांची शोध घेण्याची रीत होती. संघाची साखळी वारंवार तुटायला लागली, तर इतर शिक्षक सगळ्या मुलींवर सरसकट ओरडले असते. बाई ओरडायच्या नाहीत. आज एकीला बसवायचं, उद्या दुसरीला. “जी बसल्यावर साखळी टिकती, ती आपली चोर. आन् चोर घावली म्हंजी तिला हाकलायचं न्हाई, तिचं काय दुखतंय ते इचारायचं.”

हीच रीत त्या जगातल्या प्रत्येक गोष्टीला लावत. एकदा शिक्षकांच्या खोलीत भयंकर वास यायला लागला. शिपायाने फिनेल ओतलं, कुणी उंदीर मेला म्हणालं, कपाटं हलवून झाली. बाईंनी आम्हा सगळ्यांच्या पिशव्या एकेक करून व्हरांड्यात नेऊन ठेवायला सुरुवात केली. एक पिशवी बाहेर, सगळ्यांनी हुंगायचं, पिशवी आत. दुसरी बाहेर. भूगोलाच्या सरांची पिशवी बाहेर गेली आणि खोली स्वच्छ झाली. आत गेल्या आठवड्यातला सुकटीचा डबा होता. सर ओशाळले. बाईंनी तो डबा दोन बोटांत धरून त्यांना परत दिला आणि म्हणाल्या, “सर, खेळाडू चांगला हाय तुमचा. जरा जास्त येळ मैदानावर ऱ्हायला.”

अशा बाईला एक दुखणं होतं, ते म्हणजे अर्धशिशी.

ते आलं की त्या ओळखू यायच्या नाहीत. आधी डोळ्यांपुढे काचेचे तुकडे चमकल्यासारखं व्हायचं, मग डावीकडचं जग धूसर व्हायचं, आणि मग डाव्या डोळ्यामागे कुणीतरी घण घालायला लागायचं. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर अजिबात नको. कपाळावर सुंठेचा लेप लावून, ओढणी घट्ट आवळून त्या अंधाऱ्या खोलीत पडायच्या. गावाने उपाय सांगायला कमी केलं नव्हतं. पहाटे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खाल्ली की अर्धशिशी जाते म्हणतात, ते बाईंनी महिनाभर केलं. “डोकं हाय तसंच हाय,” त्यांनी मला सांगितलं, “वजन तेवढं वाढलं. जिलबी बसवा बाकावर.”

पण खरी पंचाईत वेगळीच होती. त्यांचं डोकं एरवी फारसं दुखत नसे. ते दुखायचं नेमकं सामन्याच्या दिवशी.

आता आमच्या संघाच्या शकुनाबद्दल सांगायला हवं. संघाची कर्णधार सोनाली कारेगावची, वडील औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात. एकदा तळेगाव ढमढेऱ्याच्या स्पर्धेला जाताना जीप कारेगावात बंद पडली. मुली भुकेल्या. सोनालीने सगळ्यांना तिच्या ओळखीच्या चायनीजच्या गाडीवर नेलं. गाडी बिपीनची, तो ओडिशाहून आलेला, पाळी सुटल्यावर कामगारांची तिथे झुंबड असायची. त्याचं लालभडक मंचुरियन मुलींनी ताट पुसून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी, ज्या संघाकडून आम्ही दर वर्षी हरायचो, त्या संघाला लोण देऊन आल्या. झालं. त्या दिवसापासून प्रत्येक सामन्याच्या आदल्या संध्याकाळी बिपीनचं मंचुरियन आलंच पाहिजे, आणि पहिला घास बाईंनीच घेतला पाहिजे. कुणी देवाला नारळ फोडतं, आमच्या मुली मंचुरियनचा गोळा फोडायच्या.

संघ जिंकत गेला आणि बाई दर सामन्याला डोकं धरून बसत गेल्या. दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात यावा कसा? सगळ्यांनी आपापला अर्थ लावला. कुणी म्हणालं ऊन, कुणी म्हणालं वय. बहुतेकांचं मत, टेन्शन. “बाईंना प्रेशर झेपत नाही,” हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

मग पाबळची स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात बाई मैदानाच्या कडेला खुर्चीवर, डोळ्यांवर ओढणी घेऊन. समोरच्या संघाची मुलगी पुन्हा पुन्हा आमच्या डाव्या कोपऱ्यावर चढाई करून गुण नेत होती. मुली बाईंकडे बघायच्या आणि बाईंना डावा कोपरा दिसतच नव्हता. आम्ही हरलो. परतीच्या जीपमध्ये सोनाली खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बाई, तुम्ही एकदा जरी हाक मारली असती ना.”

ते वाक्य बाईंना घणापेक्षा जोरात लागलं असावं.

दुसऱ्याच आठवड्यात मुख्याध्यापक जाधवसरांनी त्यांना बोलावलं. मी तिथे दुसऱ्या कामासाठी बसले होते. सर वाईट नव्हते, त्यांना खरोखर काळजी होती.

“बाई, आता तुम्ही योगासनं घ्या. संघ नव्या सरांकडे देऊ. तुमच्या तब्येतीसाठीच म्हणतोय.”

“मुली मी गोळा केल्यात सर. एकेकीच्या घरी जाऊन, बापाच्या पाया पडून.”

“ते खरंय. पण डोकं…”

“दौंडची जिल्हा स्पर्धा माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. तितं माझं डोकं दुखलं, तर संघ मी माझ्या हातानं सरांना देते. शिट्टीसकट.”

जाधवसरांनी मान्य केलं. बाई बाहेर आल्या आणि व्हरांड्यातच थांबल्या. “इंग्लिशबाई,” त्या म्हणाल्या, “सगळ्या गावाची पिशवी बाहेर काढून हुंगली, आपल्या डोक्याची ऱ्हायली की हो.”

तिथून त्यांचा शोध सुरू झाला. मी म्हटलं, एक वही करा, रोज काय खाल्लं ते लिहा. त्यांनी हात जोडले. “लिव्हणं तुमचं काम. मी एकेकाला बसवते.” चहा बसवला, काही फरक नाही. उन्हाला एकट्यालाच खेळवलं, म्हणजे सामना नसताना भर दुपारी मैदानावर उभ्या राहिल्या. घाम आला, डोकं शाबूत. टेन्शन कसं बसवणार? त्यांनी तेही मुद्दाम मैदानात उतरवलं. बारावीच्या परीक्षेला पर्यवेक्षणाला उभ्या राहिल्या, भरारी पथक आलं, सगळी शाळा थरथरत होती. बाई संध्याकाळी माझ्याकडे चहाला आल्या ठणठणीत. “टेन्शन निर्दोष हाय,” त्यांनी जाहीर केलं, “उगं बदनाम केलं बिचाऱ्याला.”

राहिलं मंचुरियन. एका शनिवारी, ना सामना ना सराव, त्या कारेगावला जाऊन बशीभर खाऊन आल्या. रविवारी सकाळी सुंठेचा लेप.

आमच्या शिरूरच्या डॉक्टरीणबाई समंजस होत्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. “असू शकतं,” त्या म्हणाल्या. “खाण्यातला रंग, अजिनोमोटो, टिकवण्यासाठी घातलेली द्रव्यं, यांच्यावर पुष्कळांचा संशय असतो. पण सगळ्यांच्या बाबतीत ते सिद्ध होत नाही. आणि तुम्हाला माहीत होतं ना काय खाताय ते? नुसत्या धसक्यानंही डोकं दुखतं. गोळ्या मात्र जवळ ठेवा आणि त्रास वाढला तर हे प्रयोग बंद.”

“धसका बसवायचा कसा?” बाईंनी बाहेर येऊन मला विचारलं. आणि स्वतःच उत्तर दिलं. “मला कळूच द्यायचं न्हाई.”

तर मुलांनो, तुमची आजी एकदा गुप्तहेर झाली होती, ती अशी. कारेगावच्या त्या गाडीपाशी बाई रस्त्याकडे तोंड करून बाकड्यावर बसल्या आणि मी बिपीनला समजावायला गेले. एकदा रंग नको, एकदा पांढरी पावडर, म्हणजे अजिनोमोटो, नको, आणि यातलं काहीही मॅडमना सांगायचं नाही.

बिपीनने झारा खाली ठेवला. “मॅडम, लाल नहीं डालूँगा तो लोग बोलेंगे बासी है. धंदा बैठ जाएगा.”

“लोगों का नहीं, सिर्फ इनका,” मी म्हटलं.

“और पावडर नहीं डालूँगा तो टेस्ट कहाँ से आएगा?”

पाठमोऱ्या बाई ओरडल्या, “मिरची डाल ना भरपूर! मिरचीनं काय बी झाकतंय!”

चव ओळखू येऊ नये म्हणून त्याने खरंच इतकी मिरची घातली की बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. रंग दिसू नये म्हणून दोन्ही वेळा त्या डोळे मिटून जेवल्या. आजूबाजूचे कामगार बघत होते. एकाने विचारलंही, “क्या हुआ इनको?” बिपीन गंभीरपणे म्हणाला, “टेस्टिंग चल रहा है.” कारखान्यातली माणसं ती. टेस्टिंग म्हटल्यावर आदराने बाजूला झाली.

एका शनिवारी मी पावडर वगळायला सांगितली. रंग होता. बाईंना मात्र पक्का संशय, की आज पावडर आहेच. रविवारी सकाळी त्यांनी पडदे ओढून घेतले, लेप उगाळून ठेवला, आणि डोकेदुखीची वाट बघत पडून राहिल्या. ती आलीच नाही. दुपारपर्यंत कंटाळल्या आणि घरातल्या सगळ्या गोधड्या धुऊन टाकल्या. पुढच्या खेपेला रंग वगळला, पावडर होती. त्या वेळी बाई अगदी निर्धास्त. “आज साधं होतं, मला चवीवरनं कळलं.” सकाळी त्यांच्या यजमानांचा फोन आला, बाई अंधारात पडल्या आहेत.

सोमवारी मी त्यांना दोन्ही वेळचं खरं काय ते सांगितलं. त्यांनी दोन्ही शनिवार बोटांवर मोजून पाहिले. मग टेबलावर थाप मारून म्हणाल्या, “चोर घावली!” शिक्षकांच्या खोलीतले सगळे दचकले. बाईंच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं, तो नुसता आनंद नव्हता. आपण कमकुवत नाही, हे माणसाला कळतं तेव्हाचं तेज होतं ते.

डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यांना बजावलं, “हे तुमच्या डोक्यापुरतं. एकदोनदा असं झालं म्हणून सगळ्यांनाच तसं होतं असं नाही. गावभर भोंगा लावून सांगू नका.”

“समजलं,” बाई म्हणाल्या. “जिल्हा संघात निवड न्हाई. फक्त शाळेपुरता खेळाडू.”

ओम, हे वाक्य तुझ्यासाठी मुद्दाम लिहिलं आहे. तुझा चोर वेगळा असेल, किंवा खाण्यात नसेलही.

दौंडला आम्ही आदल्या दिवशीच पोहोचलो. मुलींबरोबर दुसरी शिक्षिका हवी म्हणून मी होते. उपांत्य फेरी दुपारी जिंकली आणि बाईंचं डोकंही शाबूत राहिलं, कारण आदल्या रात्रीचा शकुन त्यांनी “पोट बिघडलंय” म्हणत घास नुसता ओठांना लावून भागवला होता. पण अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सोनालीचे वडील मोटारसायकलवर कारेगावहून थेट दौंडला आले, मांडीवर डबा सांभाळत. मुली शाळेच्या वर्गात गोल करून बसल्या. मधोमध मंचुरियन.

“बाई, पहिला घास.”

बाईंनी डब्याकडे पाहिलं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. “मी खाणार न्हाई,” त्या म्हणाल्या. आणि मग सगळं सांगितलं. पाबळला काय झालं, का झालं, शनिवारचे प्रयोग, बिपीनची मिरची.

मुली हसल्या नाहीत. सोनाली उठून उभी राहिली. “बाई, ही फायनल हाय.”

“व्हय.”

“एक घास फक्त. एवढुसा. आपण ह्याच्यावरच जिंकलोय.”

“तुम्ही जिंकलाय. ह्यानं एक तरी पकड केली का? दाव मला, कुठल्या कोपऱ्यात उभं होतं हे?”

“आन् हरलो तर?”

“हरलो तर माझ्यामुळं. मग डोकं शाबूत असलं तरी शिट्टी नव्या सरांना देऊन टाकते. पण उद्या मला मैदान पुरं बघायचंय, सोने. दोन्ही कोपरे.”

सोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कशाचं ते कळेना. “मग आमी बी न्हाई खाणार.”

“तुमची डोकी तुमची. तुम्हाला काय हुतंय? खावा.”

कुणी हात पुढे करेना. तेवढ्यात सगळ्यात लहान अश्विनी गाल फुगवून, कसंबसं बोलली, “बाई… मी तर खाल्लं!”

तेव्हा कुठे वर्ग हसला. पण झोपताना मला अंधारात मुलींची कुजबुज ऐकू येत होती. शकुन मोडला होता आणि त्यांना भीती वाटत होती.

अंतिम सामना सकाळी होता. जाधवसर मुद्दाम बघायला आले होते, नवे सरही. मध्यांतरापर्यंत आम्ही मागे. मुलींचे चेहरे उतरलेले, सोनाली दोनदा रिकाम्या हाताने परतलेली. जाधवसर बाईंजवळ आले आणि हळूच म्हणाले, “डोकं?”

“जाग्यावर हाय सर,” बाई म्हणाल्या. त्यांनी सरांकडे बघितलंसुद्धा नाही. त्या समोरच्या संघाच्या मुख्य चढाईपटूला बघत होत्या. लांबलचक पायांची मुलगी, आमच्या डाव्या कोपऱ्यातून लाथ मारून गुण नेत होती, अगदी पाबळसारखंच.

मुलींना जवळ घेऊन बाई म्हणाल्या, “ती लाथ मारायच्या आधी उजवी टाच उचलती. प्रत्येक येळी. टाच उठली की कोपऱ्यानं मागं सरायचं न्हाई, आत घुसायचं. साखळीनं मागनं दार लावायचं. मी हाक मारीन.”

“तुम्हाला दिसंल बाई?” अश्विनीने विचारलं.

“मला तुझ्या दातात अडकलेलं कालचं मंचुरियनसुदिक दिसतंय.”

सामना पुन्हा सुरू झाला. ती मुलगी आली, डावीकडे सरकली. मला काही दिसलं नाही, टाच उठली की नाही देव जाणे. पण मैदानाच्या कडेवरून बाईंची आरोळी आली, “आत्ता!” आणि आमची डाव्या कोपऱ्यावरची मुलगी तिच्या घोट्याला जाऊन चिकटली. साखळी मिटली. धूळ उडाली. पंचांचा हात वर.

मग मुलींना काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. बाईंनी हाक मारायची आणि त्यांनी झडप घालायची. “आत्ता!” “न्हाई, थांब!” “आत्ता!” ती लांब पायांची मुलगी तीनदा बाहेर गेली. सोनालीला सूर सापडला. शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते आणि सोनाली गेली, दोघींना शिवून, तिसरीला पायाला लोंबकळत घेऊन, पोटावर सरपटत मध्यरेषेला बोट लावून आली.

मी किती ओरडले ते लिहीत नाही. तुमच्या आईला कळलं तर ती मला चिडवेल.

जाधवसर नव्या सरांना घेऊन बाईंकडे आले. काहीतरी छान बोलायची तयारी करून आले असावेत. बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. “सर, ह्यांना माझ्या हाताखाली द्या दोन वर्षं. पोरगा चांगला हाय. राखीवमधनं सुरुवात करू.” नवे सर मनापासून हसले आणि म्हणाले, “चालेल बाई.” पुढे तसंच झालं. नंतर संस्थेने बाईंना दौंडच्या शाखेत बोलावून घेतलं, तिथल्या मुलींसाठी. मी निवृत्त झाले. आता आमचं बोलणं फोनवर होतं, आणि त्या फोनवरही उभ्यानेच बोलत असणार याची मला खात्री आहे.

पण मला त्या दिसतात त्या त्याच दिवशीच्या, बक्षीस समारंभ संपल्यानंतरच्या. मंडपवाले खुर्च्या उचलत होते. ऊन डोक्यावर आलं होतं. मुलींनी बाईंना ओढत मैदानात नेलं आणि साखळी धरून समोर उभ्या राहिल्या.

“बाई, या! हिंमत असंल तर या!”

बाईंनी ओढणी माझ्या अंगावर फेकली. कमरेला हात लावून दोनदा वाकल्या. वयाच्या पन्नाशीत, पुरुषी बुटांत, त्या मध्यरेषेपाशी उभ्या राहिल्या. मग छातीभर श्वास भरून घेतला, आणि तो एकच शब्द पुन्हा पुन्हा घुमवत, भर उन्हात, सात पोरींच्या अंगावर चालून गेल्या.